मॉर्मन मुलींना बाराव्या वर्षापासून लग्नाचे धडे कशाला?

केतकी_प
मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतला ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ, म्हटलं की आपल्या लोकांना आधी चार-चार बायका आठवतात. तो विषय बाजूला ठेवू. मुख्य चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडत असल्याचं जाहीर केलं. मी बोलतेय ते आजच्या सॉल्ट लेक सिटीवाल्या चर्चबद्दल.

तिथे मुलगी १२ वर्षांची होणार त्या वर्षी ‘यंग विमेन’ वर्गात जाते आणि १८ पर्यंत तिथेच असते. वर्गात सगळ्याजणी मिळून एक प्रतिज्ञा म्हणतात. घर-कुटुंब बळकट करीन, टेंपलमधले (त्यांच्या खास पवित्र मंदिरातले) विधी स्वीकारीन, असं त्यात आहे. त्या विधींतला कळस म्हणजे सीलिंग. नवरा-बायको नुसते मरेपर्यंत नाही, अनंतकाळासाठी बांधले जातात. त्यांच्या ‘डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स’ या धर्मग्रंथाचं १३१वं प्रकरण सांगतं की या लग्नाशिवाय स्वर्गाच्या सर्वांत वरच्या पायरीवर जाता येत नाही.

लग्न कर, सुखी होशील, हे जगातल्या सगळ्या आया सांगतात. त्याला माझी हरकत नाही. इथे मुलीची सद्गतीच दुसऱ्या कुणाच्या तरी होकारावर अवलंबून ठेवली आहे, आणि हे तिला समजायला लागायच्या आत शिकवलं जातं. त्यात १९९५ चा कुटुंबविषयक जाहीरनामा. बापाने घराचं प्रमुखपद आणि पोटापाण्याची सोय सांभाळायची, आईने मुख्यतः मुलं वाढवायची. त्याच परिच्छेदात पुढे दोघे म्हणे समान भागीदार! एक जण प्रमुख असताना समान कसे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

रानवारा
अर्धीच गोष्ट सांगितलीत. सीलिंगची अट मुलांनाही तितकीच लागू आहे. बिनलग्नाचा पुरुषही त्या वरच्या पायरीवर जात नाही. आणि जिला, किंवा ज्याला, इथे संधी मिळाली नाही पण जी निष्ठेने जगली, तिचं काहीही हुकणार नाही, मृत्यूनंतर मिळेल, असं चर्च स्पष्ट सांगतं. म्हणजे सद्गती कुणाच्या होकारावर अडलेली नाही. शिवाय १६ च्या आत मुलामुलींनी जोडीने फिरू नये, असा सल्ला हेच चर्च देत आलंय. बाराव्या वर्षी बोहल्यावर चढवतात असा सूर कशाला?

केतकी_प
बोहल्यावर चढवतात असं मी कुठे म्हटलं? पण वर्गात काय चालतं तेही बघा. ‘भावी नवऱ्यात कोणते गुण हवेत’ याची यादी करायची, त्याला आत्ताच पत्र लिहून ठेवायचं, असे उपक्रम कित्येक वर्षं चालत आले. त्याच वयाच्या मुलांना काय मिळतं? पुरोहितपद. बारावं गाठायच्या सुमारास मुलगा रविवारी सगळ्या मंडळींना प्रसादाचा पाव-पाणी वाटायला लागतो. त्याला सांगतात, मिशनची, म्हणजे धर्मप्रसाराला जायची, तयारी कर. भावी बायकोला पत्र लिहिणारे मुलगेही असतील एखाददुसरे, पण त्यांचा अख्खा अभ्यासक्रम त्याभोवती फिरत नाही.

आणि अट सारखी म्हणता? विधुर दुसऱ्या बायकोशीही अनंतकाळासाठी सील होऊ शकतो. विधवेला मात्र जिवंतपणी दुसऱ्या नवऱ्याशी सील होता येत नाही. रसेल नेल्सन आणि डॅलिन ओक्स या दोघाही चर्चप्रमुखांची दुसरी लग्नं अशीच झालेली आहेत. स्वर्गात दोन बायका कुणाच्या असणार, हा हिशेब पंधरा वर्षांच्या मुलीला येतो हो.

मेधा_युटावाली
मी इथे युटात राहते, सॉल्ट लेक सिटी ज्या राज्यात आहे तिथे; आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं मॉर्मन आहेत. दोघांचंही थोडं थोडं पटतंय. या मुली सतराव्या वर्षी भरल्या सभेत न अडखळता भाषण देतात, कॅम्पमध्ये धाकट्या पन्नास पोरी सांभाळतात. माझ्या मुलीला हे कुणी शिकवलेलं नाही, मी तर नाहीच. वर्गात फक्त लग्नच शिकवतात हे काही खरं नाही.

२०१२ साली एक बदल झाला तो इथे मोठा मानतात. मुलींना मिशनवर जायचं किमान वय २१ होतं, ते १९ केलं. आधीचा अलिखित अर्थ असा की २१ पर्यंत लग्न जमलं नाही तर मग जा मिशनवर. वय उतरलं आणि मुलींच्या अर्जांचा पूर आला. मला वाटतं, त्या मुलींनी काय ते सांगून टाकलं.

पण प्रोव्हो शहरात चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ‘रिंग बाय स्प्रिंग’ म्हणतात तो विनोद अजून जुना झालेला नाही. वसंत येईपर्यंत बोटात अंगठी. दडपण बिशपपेक्षा (स्थानिक मंडळीच्या प्रमुखापेक्षा) रूममेट आणि आया जास्त आणतात, हे माझं निरीक्षण.

काळा_पहाड
आपल्याकडे कन्यादान चालतं ते आधी बघा म्हणावं.

केतकी_प
बघू, वेगळा धागा काढा, येते तिथे भांडायला.

सावळी
लग्नापेक्षा लग्नाआधीचे धडे मला जास्त भयंकर वाटतात. एलिझाबेथ स्मार्ट आठवते? २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या घरातून १४ वर्षांच्या मुलीला पळवलं, नऊ महिने रोज अत्याचार. २०१३ मध्ये एका भाषणात तिने सांगितलं की शरीरसंबंध आलेली मुलगी म्हणजे चघळलेलं च्युइंगम, असं एका बाईंनी वर्गात शिकवलं होतं. ते कैदेत आठवायचं आणि वाटायचं, आता आपली किंमत काय, पळून तरी कशाला जायचं? पवित्र राहा म्हणजे चांगला नवरा मिळेल, या वाक्याची दुसरी बाजू ही आहे.

रानवारा
त्या बाई शाळेतल्या होत्या, चर्चच्या वर्गातल्या नव्हेत. आणि स्मार्ट यांनी धर्म सोडला नाही, २०१२ मध्ये लग्नही टेंपलमध्येच केलं. ज्या शिकवणीने तिला मोडलं म्हणता, त्याच श्रद्धेने तिला उभं केलं असं ती स्वतः सांगते. उपमा घाणेरडी होती हे मान्य, शंभर वेळा मान्य.

इतिहासही बघा. युटाने बायकांना मताधिकार दिला १८७० मध्ये. मार्था ह्यूज कॅनन डॉक्टर होत्या, १८९६ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या महिला राज्य सिनेटर झाल्या, आणि त्या निवडणुकीत स्वतःचा नवराही विरुद्ध उभा होता! ‘मॉर्मन बाई म्हणजे चूल’ हे समीकरण तेव्हाही खोटं होतं.

सावळी
याच कॅननबाई त्या नवऱ्याची चौथी बायको होत्या. बहुपत्नीत्वाच्या खटल्यात साक्ष द्यावी लागू नये म्हणून तान्ही मुलगी घेऊन इंग्लंडला निघून गेल्या होत्या. उदाहरण जपून निवडा.

केतकी_प
२०२१ च्या एप्रिल परिषदेत गेरिट गाँग या प्रेषिताने (चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एकाने) स्वतःच सांगितलं की चर्चमधले बहुसंख्य प्रौढ सभासद आता अविवाहित, विधवा-विधुर किंवा घटस्फोटित आहेत. म्हणजे वर्गात ज्या आयुष्याची तयारी करून घेतात, ते आज निम्म्यांच्याही वाट्याला नाही.

रानवारा
त्यात विधवा-विधुरही आले, म्हणजे ज्यांची लग्नं झालीच होती. आणि एकटीला मान नसतो हेही खोटं. वेंडी वॉटसन पन्नाशी उलटेपर्यंत अविवाहित होत्या, विद्यापीठात प्राध्यापक होत्या.

केतकी_प
आणि तुम्हाला त्या आठवल्या कारण २००६ मध्ये रसेल नेल्सन यांच्याशी लग्न करून त्या वेंडी नेल्सन झाल्या.

रानवारा
मग शेरी ड्यू घ्या. लग्न केलेलंच नाही. १९९७ मध्ये रिलीफ सोसायटी या चर्चच्या महिला संघटनेच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळात गेल्या, पुढे डेझरेट बुक या चर्चच्या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुख.

केतकी_प
घेते. २००१ मधलं त्यांचं गाजलेलं भाषण कशावर होतं? ‘आपण सगळ्याच आया नाही का?’ यावर. एवढी कर्तबगार बाई, आणि व्यासपीठावर उभं राहून तिलाही आईपणाच्या मापातच स्वतःला बसवून दाखवावं लागलं.