मदत हवी आहे : वस्ती नुसती चालून बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

शेंगाचटणी :
नमस्कार मंडळी. बीएस्सी नर्सिंगच्या पाचव्या सेमिस्टरला आहे. कम्युनिटीची पोस्टिंग सोलापुरात पूर्व भागातल्या एका वस्तीत लागलीय. घरोघरचे फॅमिली फोल्डर (एकेका कुटुंबाच्या आरोग्याची नोंद) भरायच्या आधी वस्ती पायी फिरून, डोळ्यांना जे दिसेल त्यावरून आरोग्याच्या गरजा काय आहेत ते लिहून द्यायचंय. पुस्तकात याला विंडशील्ड सर्व्हे म्हणतात, म्हणजे गाडीच्या काचेतून बघायचं म्हणे. आमच्या बोळात स्कूटी वळत नाही, काच कुठली!

परवा अकरा ते एक फिरले. लिहिलं : गटारी उघड्या, कचरा साचलेला, डास भरपूर, बिडी कामगार व यंत्रमाग कामगार बहुसंख्य, लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव. मॅडमनी वही परत दिली. शेरा मारलाय, "वस्तीचं नाव खोडून दुसरं टाकलं तरी चालेल." राग आला. घरी येऊन वही वाचली, तर खरंच चालेल.

आता परत जायचंय, मंगळवारी वही द्यायचीय. काय बघू, कसं लिहू? आणि एक. दारात बिड्या वळत बसलेल्या दोन मावश्यांनी मला बघून पदर ओढून पाठ फिरवली. एक म्हणाली, "फोटो काढायलाच येत्यात सगळे." फोटो काढला नव्हता, पण मोबाइल हातात होता. तेव्हापासून त्या बोळात शिरायला कसंतरीच होतंय.

लूम१२ :
माझे वडील तीस वर्षं मागावर होते. अकरा ते एकमध्ये आम्ही तुम्हाला दिसणारच नाही, आम्ही आत असतो. संध्याकाळी या आणि टीव्हीचे आवाज ऐका. ज्या घराचा टीव्ही बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येतो, तिथं मागावरचा माणूस आहे असं समजा. कान गेलेला असतो, पण कोणी त्याला आजार म्हणत नाही. वडील तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे. दुसरं, सुताच्या धुळीनं छाती भरते, ती सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी जास्त. हे बघून कळणार नाही, विचारावं लागेल. पण माग बंद असताना गल्लीत उभं राहून भिंतीवरचा, खिडकीच्या जाळीवरचा कापूस तर दिसतो ना? तो लिहा.

सरळरेषा :
स्पष्ट बोलतो, राग नसावा. नुसतं बघून आरोग्य कळत नाही. नमुना घ्या, प्रश्नावली भरा, टक्केवारी काढा. बाकी सहल.

निवृत्त_सिस्टर :
सरळरेषा, अर्धं बरोबर बोललात. 1989 साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. रस्त्यानं चालत गेलं असतं तर त्यातलं काही दिसलं नसतं. पण प्रश्नावलीत कुठला प्रश्न घालायचा हे कशावरून ठरवणार? त्यासाठीच आधी फिरायचं.

शेंगाचटणी, अगं पहिली गोष्ट म्हणजे वेळ. एकच बोळ चारदा बघ. पहाटे सार्वजनिक शौचालयाशी जा. रांग किती, बायकांच्या बाजूला दिवा आहे का, आतून कडी लागते का, पाणी आत आहे की घरून डबा आणावा लागतो. दिवा नसला की बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, आणि लघवीची जळजळ घेऊन तुझ्या ओपीडीत येतात. सकाळी उंबऱ्यात बसून मशेरी लावणाऱ्या बायकाही तेव्हाच दिसतील. अकरा वाजता त्यांनी तोंड धुतलेलं असतं, आणि तू 'महिलांत व्यसन आढळले नाही' असं लिहून मोकळी.

विशेषण लिहू नकोस. 'अस्वच्छ' हे तुझं मत झालं. 'नळ गटारीपासून वीतभर, तोटी नाही, नळाच्या खड्ड्यात पाणी' हे निरीक्षण. रोज पाणी नसलेल्या गावात नळी रिकामी पडते आणि फुटक्या सांध्यातून आजूबाजूची घाण ओढून घेते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तिथं हजर राहा, पाण्याचा रंग आणि वास लिही. जमलं तर ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची बाटली ने. थेंब टाकल्यावर पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही निदान 0.2 पीपीएम (लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम) हवं.

मेडिकलवाल्याच्या दुकानासमोर अर्धा तास उभी राहा. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून दोन-दोन गोळ्या कोण नेतं, कशासाठी नेतं ते ऐक. शाळेजवळची पानटपरी पावलांनी मोज, कायद्यानं 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही.

फोटो काढूच नकोस. मोबाइल पिशवीत, हातात वही. आणि एकटी जाऊ नकोस, आशाताईबरोबर जा. शहरात एकीकडे साधारण 200 ते 500 घरं असतात, कोण कुणाची सून हेसुद्धा तिला ठाऊक. तिच्यासोबत गेलीस की पाठ फिरवणार नाहीत.

शेंगाचटणी :
ताई, दंडवत! काल आणि आज मिळून तीनदा जाऊन आले, आशाताईंबरोबर. त्याच मावशींनी पाट दिला बसायला. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूपत्ता, कात्रीचं टोक पत्र्याच्या फर्म्याभोवती न बघता फिरतं. मान खाली ती खालीच. नातू सुपाला टेकून झोपलेला, त्याच्या केसांत तंबाखूचा भुगा. मला पाच मिनिटांत चार शिंका आल्या, तर मावशी हसल्या. पंचवीसचा कट्टा बांधून झाला की दर वेळी मनगट झटकतात. विचारलं तर म्हणाल्या, "हात झोपतो." मेडिकलमधून गोळ्या नेणारी दुसऱ्या बोळातली बाईपण हेच म्हणत होती. गेल्या खेपेला 'बिडी कामगार बहुसंख्य' एवढंच लिहिलेलं आठवून लाज वाटली.

आता पाण्याचं. चार दिवसांआड येतं. आमच्या बोळात दाराबाहेर 18 निळे बॅरल मोजले, त्यातले 7 उघडे, बाकीच्यांवर फळी नाहीतर पोतं. दोनांत अळ्या वळवळताना दिसल्या. यावरून ब्रेट्यू निर्देशांक (डासांच्या अळ्यांचं प्रमाण) काढू का? आणि उपाय म्हणून 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा', म्हणजे त्या दिवशी पाण्याची भांडी ओतून कोरडी करावीत, असं लिहू?

निवृत्त_सिस्टर :
निर्देशांक काढू नकोस. त्याला घरात शिरून सगळी भांडी तपासावी लागतात, मग शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या ते मांडतात. तू दारातले बॅरल बघितलेस, तेवढंच लिही.

कोरड्या दिवसाचं मात्र विचार करून लिही. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात भरलेला बॅरल कोण ओतेल? तू ओतशील? जुन्यावर नवं पाणी भरत राहतात, तळ कधी कोरडा होत नाही. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे त्याला निवांत मिळतात. शिवाय एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी) अंडी घालते ती पाण्याच्या रेघेच्या वर, भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, वर पाणी चढलं की फुटतात. तेव्हा नुसतं ओतूनही भागत नाही, घासावं लागतं. बॅरल सगळ्यात रिकामा कधी असतो? पाणी यायच्या आदल्या रात्री. तेव्हा उरलेलं पाणी बादलीत काढून आतून काथ्यानं घासायचा आणि भरल्यावर तोंडाला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधायचं. हे त्या मावशीला विचारून बघ, जमेल का म्हणून. जमत नाही म्हणाली तर ते कारण लिही.

सरळरेषा :
सहल शब्द मागे घेतो. पण दोन्ही बोळांतली मिळून निदान तीसेक घरं फोल्डर भरताना 'हात झोपतो का' विचारा. दोघींवरून वस्ती ठरवू नका.

शेंगाचटणी :
हो दादा, तो प्रश्न घातला. आणि खोकल्याचापण. अडचण एकच, अर्ध्या आज्ज्या तेलुगूच बोलतात, आशाताई रोज बरोबर नसणार. 'किती दिवसांपासून खोकला आहे' हे तेलुगूत कसं विचारू?

कडकभाकरी :
"एन्नि रोजुलनुंची दग्गु उंदी?" दग्गु म्हणजे खोकला. आमची सोलापुरी तेलुगू ऐकून हैदराबादवाले हसतात, पण आज्जीला कळेल. उत्तर बोटांवर दाखवायला सांगा. दोन आठवडे किंवा जास्त म्हणाली तर टीबीसाठी थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी द्या. आणि चहा विचारला तर नको म्हणू नका, पुढच्या घरीपण तेच विचारतील, अर्धा कप सांगा.