राष्ट्रीय आरोग्य विमा: ग्राहकाला निवड नेमकी कशाची हवी?

त्रैराशिक (धागाकर्ता)

राष्ट्रीय आरोग्य विम्याचा विषय निघाला की "लोकांना निवडू द्या, स्पर्धेने खर्च आपोआप उतरेल" हे ठरलेलं. माझं मत उलट आहे. डॉक्टर आणि रुग्णालय निवडता यावं. विमा कंपनी आणि पॉलिसी निवडण्याने ग्राहकाच्या पदरात फारसं काही पडत नाही.

स्वित्झर्लंड बघा. 1996 पासून तिथे विमा सक्तीचा, कंपन्या अनेक, मूळ संरक्षण मात्र कायद्याने सगळीकडे सारखं. प्रौढाने निवडायची ती मुख्यतः वर्षाची डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम: 300, 500, 1000, 1500, 2000 किंवा 2500 फ्रँक. त्यापुढच्या बिलाचे 10 टक्के रुग्णाचे, तेही कमाल 700. डिडक्टिबल वाढवली की हप्त्यात सूट मिळते, पण अंगावर घेतलेल्या जादा रकमेच्या 70 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे 300 वरून 2500 वर गेलात तर जास्तीत जास्त 1540.

ही कमाल सूट धरून मांडणी करा. वर्षाचं बिल 2000 च्या आसपास आलं तर दोन्ही टोकं सारखीच पडतात. बिल त्याहून कमी असेल तर 2500 घ्यावी, जास्त असेल तर 300. मधल्या चारही पायऱ्या कुठल्याही बिलाला सर्वात स्वस्त पडत नाहीत! तरी त्या यादीत आहेत आणि घेणारे त्या घेतात. ही कसली निवड?

दुसरी_बाजू

गणित बरोबर, निष्कर्ष अमान्य. मधल्या पायऱ्या निरुपयोगी असतील तर यादी सुधारा, निवड कशाला काढता?

तुमचंच गणित पुढे नेतो. सर्वात वाईट वर्षी 300 वाल्याच्या खिशातून 1000 जातात, 2500 वाल्याच्या 3200. त्यातून सूट वजा केली की 1660. तोटा 660 चा, आणि धडधाकट वर्षी फायदा 1540 चा. हा सौदा ज्याला परवडतो त्याला तो का नाकारायचा?

कंपनी बदलता येणं ही तर त्याहून मोठी गोष्ट. नेदरलँड्समध्ये 2006 पासून मूळ विम्यासाठी कंपनीला कुणालाही नाकारता येत नाही आणि वय-आजार बघून हप्ता वाढवता येत नाही. जुनी पॉलिसी 31 डिसेंबरपर्यंत रद्द करायची, नवी 31 जानेवारीपर्यंत घ्यायची. ती 1 जानेवारीपासूनच लागू धरतात. दरवर्षी बदलणारे थोडेच असतात, पण ते जाऊ शकतात ही धास्ती कंपनीला पुरते. एकच सरकारी विमा असला तर नाराज माणसाने जायचं कुठे? कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सरकारी विम्यातल्या सेवांसाठी खाजगी विमा घ्यायलाच बंदी होती. रांगा इतक्या लांबल्या की 2005 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली.

ओपीडी_खिडकी

@दुसरी_बाजू, 660 चा तोटा कागदावरचा. प्रश्न आहे तो 2500 रोख हाताशी नसलेल्याचा. तो हप्ता वाचवायला मोठी डिडक्टिबल घेतो आणि मग तपासणी पुढे ढकलतो.

अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या रँड या संशोधन संस्थेच्या प्रयोगात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळे विमे वाटले होते: कुणाला सगळं मोफत, कुणाला एका कमाल मर्यादेपर्यंत बिलाचे 95 टक्के स्वतः भरायचे. खिशाला चाट बसली की लोकांनी उपचार कमी घेतले, हे अपेक्षितच. पण गरजेचे आणि बिनगरजेचे दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी केले! सरासरी माणसाला फार फरक पडला नाही. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब मात्र मोफत गटात जास्त आटोक्यात राहिला.

नेदरलँड्सने फॅमिली डॉक्टरची भेट सक्तीच्या 385 युरोंच्या डिडक्टिबलमधून वगळली आहे, ती उगाच नाही.

त्रैराशिक

धास्तीबद्दल. सगळ्यांना एकच हप्ता म्हटलं की मधुमेही ग्राहक कंपनीला तोट्याचा आणि पंचविशीतला धावपटू फायद्याचा. म्हणून जोखीम-समायोजन निधी लागतो: वय, लिंग, चालू औषधं, जुनी निदानं बघून कंपन्यांमध्ये पैसे फिरवायचे. हे सूत्र थोडं जरी ढिलं राहिलं तरी सेवा सुधारण्यापेक्षा निरोगी गिऱ्हाईक हेरणं स्वस्त पडतं. नाकारता येत नसलं तरी जाहिरात कुणासमोर करायची हे कंपनीच्याच हातात असतं. मूळ संरक्षणाबाहेरच्या पुरवणी विम्यात तर नेदरलँड्समध्येही नाकारता येतं.

तैवानने 1995 मध्ये सगळं एका सरकारी विम्याखाली आणलं. डॉक्टर कुठलाही निवडा. कॅनडासारख्या रांगा तिथे नाहीत.

दुसरी_बाजू

रांगा नाहीत, कारण भेट काही मिनिटांत उरकते. डॉक्टरला दर भेटीमागे पैसे, रुग्णाला को-पे (दर भेटीला स्वतः भरायचा वाटा) किरकोळ; मग एकाच तक्रारीसाठी दोन-तीन दवाखाने. शेवटी एकूण बजेटवर मर्यादा घालावी लागली आणि भेटी वाढल्या की प्रत्येक सेवेला ठरवून दिलेल्या गुणांमागे (पॉइंट्समागे) डॉक्टरला मिळणारा भाव घसरू लागला. डॉक्टर निवडण्याचं स्वातंत्र्यही फुकट येत नाही, साहेब.

ओपीडी_खिडकी

मग डॉक्टरचं पैसे मिळवण्याचं सूत्र बदला. को-पेही शिफारशीवर ठेवता येतो: आधी साध्या दवाखान्यात, चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलात तर कमी, थेट गेलात तर जास्त. तैवानमध्ये ते आहेच, फक्त दोन्हीतलं अंतर कमी पडतं. यातलं काहीही करायला दहा विमा कंपन्या लागत नाहीत.