दर जखमेला धनुर्वाताची सुई घेणे सुरक्षित आहे का?

प्रश्न: माझ्या मुलीला सोळाव्या वर्षी टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा) डोस मिळाला होता. आठच महिन्यांनी गंजलेला पत्रा लागला म्हणून दवाखान्यात पुन्हा तीच सुई टोचली आणि रात्रीपर्यंत तिचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजून लालबुंद झाला. मला फार काळजी वाटते.

उत्तर: थोडे दुखणे, एखादा दिवस कणकण हे नेहमीचेच आहे. एवढी सूज मात्र बहुधा रक्तात प्रतिपिंडे (लसीमुळे तयार होणारे संरक्षक घटक) आधीच भरपूर असताना पुन्हा लस दिल्याने येते आणि काही दिवसांत ओसरते. लसीत खोट नाही, अंतर फार कमी पडले. लहानपणचे डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेला १० वर्षे आणि खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेला ५ वर्षे उलटल्यावरच बूस्टर लागतो.

उत्तर: यापुढे डॉक्टरांना ही सूज आवर्जून सांगा, कारण अशी प्रतिक्रिया येऊन गेलेल्यांना १० वर्षांच्या आत सहसा पुन्हा टीडी देत नाहीत.

उत्तर: मी आरोग्यसेविका आहे. तारीख आठवत नाही म्हणून सुई टोचून घेणारे रोज भेटतात. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गरोदरपणातला डोस मात्र भीतीपोटी टाळू नका.