पहिला गेमिंग पीसी स्वतः जोडताना मर्यादित पैशांत सुटे भाग कसे निवडलेत?

वहीचे पान

आज खंडेनवमी. पूजेसाठी संगणक उघडून आतली धूळ काढली, माळ्यावरून मदरबोर्डचा जुना खोका खाली घेतला आणि त्यात २०१८ च्या दिवाळीआधी वहीच्या फाडलेल्या पानावर केलेली यादी सापडली. प्रोसेसरचे नाव तीनदा खोडलेले, शेजारी मॉनिटर धरून ३५,००० रुपयांची बेरीज आणि तळाला बाबांच्या अक्षरात एक प्रश्न : ‘यातले पुढच्या वर्षी घेतले तर चालेल असे काय आहे?’

तोवर मी ग्राफिक कार्डासह सगळे एकदम घेण्याच्या खटपटीत होतो आणि त्यासाठी एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड व कॅबिनेट यांवरचे पैसे कापत चाललो होतो. त्या प्रश्नानंतर कार्डच यादीतून काढले. रायझन ३ २२००जी या प्रोसेसरमध्ये व्हेगा ८ ग्राफिक्स अंगचेच असल्यामुळे कार्डावाचून जीटीए ५ खेळता येत होता, आणि वाचलेल्या पैशांत बी४५० चिपसेटचा बोर्ड व ४५० वॅटचा खात्रीचा एसएमपीएस आला. चूक एकच झाली, ती म्हणजे रॅमची ८ जीबीची एकच पट्टी घेतली. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच भागवते, आणि एकाच पट्टीमुळे तो रस्ता निम्म्या रुंदीचा राहतो, हे सहा महिन्यांनी दुसरी पट्टी बसवून खेळ सुरळीत चालू लागल्यावर कळले.

पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाले आणि दोन वर्षे हाताबाहेर गेलेली कार्डे पुन्हा आवाक्यात आली. तेव्हा आरएक्स ६६०० घेतले. त्याची भूक १३२ वॅटची असल्याने जुना एसएमपीएस पुरला. त्याच बोर्डावर, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डावरची प्रणाली) अद्ययावत करून नंतर रायझन ५ ५६०० बसवला. पहिल्या यादीतला बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट आजही चालू आहेत. तुमच्या पहिल्या यादीत काय टिकले आणि काय बदलावे लागले, ते सविस्तर लिहावे.

रात्रपाळी

माझा प्रोसेसर आय३ १२१००एफ. नावाच्या शेवटी असलेल्या ‘एफ’ या अक्षराचा अर्थ ‘अंगचे ग्राफिक्स नाही’ असा होतो, हे मला लॅमिंग्टन रोडवरून सगळे सामान लोकलने घरी आणून, रात्री दोन वाजेपर्यंत जोडून, काळ्या पडद्यासमोर बसल्यावर समजले. कार्ड आठवड्याने येणार होते आणि तोवर मदरबोर्ड चांगला आहे की नाही हे तपासण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी नव्हता. शेवटी शेजारच्या दादांनी त्यांच्या संगणकातले जुने कार्ड एका संध्याकाळीपुरते काढून दिले, तेव्हा जीव भांड्यात पडला. ज्यांचे कार्ड मागाहून येणार आहे, त्यांनी हे अक्षर आधी पाहावे.

कृष्णाकाठ

एसएमपीएसबद्दल लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण माझे सारे नुकसान तिथेच झाले. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला. आमच्या गावात उन्हाळ्यात वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते आणि येताना दाब वर-खाली होतो. अकराव्या महिन्यात एका दुपारी वीज परत आली, आतून फट्‌ असा आवाज झाला, आणि मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही गेले. त्या डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

नंतर लेबल नीट वाचले, तर १२ व्होल्टच्या रांगेत फक्त १६ अँपिअर लिहिले होते. म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड ज्या तारांवर चालतात, त्यांच्यातून मिळणारी शक्ती १९२ वॅटच होती. दुसरे म्हणजे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत, ते मी वर्षभर अंगावर काढले. वायरमनने सॉकेट उघडले, तेव्हा अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. जुन्या घरात संगणक आणण्याआधी ते तपासून घ्यावे, त्याला फारसा खर्च येत नाही.

मांडवी

कृष्णाकाठ, फोटोंचे वाचून फार वाईट वाटले. लग्नाच्या फोटोग्राफरकडे मूळ प्रत अजून असू शकेल, एकदा विचारून पाहा.

कृष्णाकाठ

विचारले होते, ताई. त्यांनी दोन वर्षांनी सगळे पुसले होते. मामांच्या मोबाइलमधून चाळीसएक फोटो मिळाले, तेवढेच.

नवशिका

मग ‘८० प्लस गोल्ड’ प्रमाणपत्राचाच एसएमपीएस घ्यावा का? ब्राँझ आणि गोल्ड यांच्या किमतींत माझ्या रॅमची एक पट्टी बसते आहे.

वहीचे पान

नवशिका, ८० प्लस हे प्रमाणपत्र भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कामी येते एवढेच सांगते. निम्म्या भारावर ब्राँझची मर्यादा ८५ टक्के आहे, म्हणजे आत ३०० वॅट लागत असतील तर मीटरवर साधारण ३५३ वॅट पडतात. दाब वाढला किंवा तारा एकमेकींना लागल्या तर एसएमपीएस स्वतः बंद पडून बाकीचे भाग वाचवील का, याचे उत्तर त्या चिन्हात नाही. ते त्या नेमक्या मॉडेलच्या सविस्तर चाचण्या वाचूनच शोधावे लागते. चाचण्यांत चांगला ठरलेला आणि पाच वर्षांची हमी असलेला ब्राँझ मिळत असेल, तर उरलेल्या पैशांत रॅमची पट्टी घ्यावी.

एस पी रोड

धागाकर्त्यांच्या मूळ सूत्राशी मी अर्धाच सहमत आहे. ‘पुढे बदलता येईल’ या भरवशावर आज पैसे घालणे नेहमी फळत नाही. २०१७ च्या सुरुवातीला मी पेंटियम जी४५६० हा प्रोसेसर घेतला, दोन कोअर आणि चार थ्रेड असलेला, त्या काळी कमी पैशांत खेळणाऱ्या सगळ्यांचा लाडका. त्यासोबत गरजेपेक्षा महाग बी२५० बोर्ड घेतला, कारण पुढच्या वर्षी त्यावर सहा कोअरचा प्रोसेसर बसवायचा मनसुबा होता. ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचे, नाव तेच, ११५१, पण त्यांना ३०० मालिकेतला नवा बोर्ड आवश्यक होता. बोर्डावर जास्तीचे घातलेले पैसे तसेच बुडाले. तुमच्या बोर्डावरचा एएम४ सॉकेट इतकी वर्षे चालला हे खरे, परंतु २०१८ मध्ये दुकानात उभे असताना ते कोणालाही खात्रीने सांगता आले नसते. माझ्या मते एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर यांवर पुढचा विचार करून खर्च करावा, बोर्ड मात्र आजच्या गरजेपुरता घ्यावा.

वहीचे पान

हा मुद्दा मला मान्य आहे. मी बोर्ड निवडला तेव्हा हाताशी निर्मात्याने २०२० पर्यंत सॉकेट चालवण्याचे दिलेले आश्वासन तेवढे होते, आणि २०२२ चा प्रोसेसर त्यावर बसला हे त्या आश्वासनापलीकडचे होते.

वैदर्भी

मी शाळेत विज्ञान शिकवते. बारावीनंतर मुलीने साठवलेले पैसे आणि माझी थोडी भर, असा आमचा हिशेब होता. तिला समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट मनापासून आवडले होते आणि मीही हौस म्हणून होकार दिला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोलीतलीच हवा तापलेली, तिला आत शिरायला काचेच्या कडेची बोटभर फट, त्यामुळे तासाभराच्या खेळानंतर कार्डाचा वेग आपोआप उतरू लागे आणि पंख्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. समोरची काच काढून ठेवली, तर तापमान १० अंशांनी खाली आले. तो आकडा तिने स्वतः वहीत दर दहा मिनिटांनी नोंदवून काढला, याचे मला फार कौतुक वाटले. पुढच्या दिवाळीत सीताबर्डीहून जाळीच्या तोंडाचे साधे कॅबिनेट आणले.

आणखी एक. १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेऊनही तो चार महिने ६० वरच चालत होता, कारण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा आपणच बदलायचा असतो हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हते. रॅमचेही तसेच झाले. पट्टीवर ३२०० लिहिलेले असले, तरी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग) चालू करेपर्यंत ती त्याहून कमी वेगाने चालत होती.

रात्रपाळी

वैदर्भी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच तपासले. माझाही ६० वरच होता. मनापासून आभार.

मांडवी

पणजीहून लिहिते आहे. माझ्या भावाने जुन्या बोर्डासाठी चार जीबीचे एक स्वस्त नवे कार्ड घेतले. चाचण्यांतले आकडे चांगले होते, आमच्याकडे मात्र खेळ अडखळत होता. शोध घेतल्यावर कळले की ते कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनने (माहिती जाण्या-येण्याच्या वाटांनी) बोलते. पीसीआयई ४ या नव्या जोडणीच्या बोर्डावर तेवढ्या लेन पुरतात, आमच्या पीसीआयई ३ बोर्डावर त्याच चार लेनचा वेग निम्मा होतो, आणि कार्डाची मेमरी भरली की ही उणीव जास्तच जाणवते. कार्ड आपल्याच बोर्डावर कसे चालेल याची चौकशी करून मग पैसे द्यावेत.

सातासमुद्रापार

भारतातल्या भाच्यासाठी इथून, न्यू जर्सीहून, कार्ड सामानात घालून नेले होते. किंमत कमी पडली, परंतु हमी खरेदीच्या देशापुरतीच होती. वर्षभरात पंखा बिघडला, तेव्हा ते कार्ड पुन्हा मलाच इथे आणावे लागले आणि भाचा सात महिने कार्डावाचून राहिला. आणण्याआधी हमीची अट वाचावी.

नवशिका

दिवाळी होऊन गेली, पैसे जमले आणि आता रॅमचे भाव इतके चढले आहेत की माझी सगळी यादी कोलमडली आहे. कार्ड वगळू की थांबू?

वहीचे पान

तुम्ही प्रामुख्याने कोणता खेळ खेळता?

नवशिका

व्हॅलोरंट. मित्रांसोबत रोज रात्री तोच, बाकी क्वचित.

वहीचे पान

मग कार्ड निश्चिंतपणे वगळा. तो खेळ अंगच्या ग्राफिक्सवर चांगला चालतो, त्यामुळे रायझन ५ ५६००जी आणि डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या पुरेशा होतील. नव्या पट्ट्या परवडत नसतील, तर कोणी डीडीआर५ या पुढच्या पिढीकडे वळताना काढलेल्या जुन्या पट्ट्या समोर चालवून दाखवण्याच्या अटीवर घ्या. विंडोज ११ वर त्या खेळाला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, ते दोन्ही बायोसमध्ये चालू असल्याची खात्री करा.

नवशिका

आभारी आहे. रविवारी आते आणि मी मिळून जोडणार आहोत. एसएमपीएस आजच मागवला, ब्राँझ, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर. वायरमन उद्या सकाळी येतो आहे.