ज्युरासिक पार्कची ४के डिस्क घ्यावी का? ब्लू-रे आधीच आहे

टीरेक्स_फॅन:
माझ्याकडे ज्युरासिक पार्कची २०११ ची ब्लू-रे आहे, बघून बघून पाठ झालीय. आता मोठा टीव्ही आलाय म्हणून २०१८ ची ४के डिस्क घ्यायचं मनात आहे, पण मित्राकडे थोडी बघितली तर चित्रावर सगळीकडे बारीक रवा सांडल्यासारखं दिसत होतं, आणि माळावरचा तो पहिला ब्रॅकिओसॉरस तर चक्क पुसट वाटला. ४के म्हणजे लख्ख दिसायला पाहिजे ना? की रिमास्टर करतानाच काही गडबड झालीय? फार जिव्हाळ्याचा पिक्चर आहे म्हणून विचारतोय.

रीळप्रेमी:
गडबड नाहीये. तो रवा म्हणजे ग्रेन. पिक्चर ३५ एमएमवर शूट झालाय, फिल्मचा पोतच तसा असतो, आणि तो घासून काढला की त्याच्याबरोबर सुरकुत्या, कातडीवरचे खवले सगळंच जातं, माणसं मेणाची दिसायला लागतात. मला तर ग्रेन हवाच! ब्रॅकिओसॉरसचं कारण वेगळं आहे, तो कॉम्प्युटरवर केलेला आणि १९९३ साली असे शॉट आजच्या मानाने बऱ्याच कमी रिझोल्युशनवर (म्हणजे कमी बारकाव्यात) कॉम्प्युटरकडून काढून घेऊन परत फिल्मवर उतरवायचे. जे तपशील तेव्हा बनवलेच नाहीत ते आता फिल्मच्या स्कॅनमध्ये कुठून येणार. पण असे शॉट मोजून काही मिनिटांचेच आहेत, बाकी बरेचसे प्राणी म्हणजे स्टॅन विन्स्टनच्या टीमने खरोखर बनवलेले हलते पुतळे.

निशाचर:
मी म्हणेन पावसातल्या टी-रेक्ससाठी तरी घ्याच. एचडीआरमुळे (उजेड आणि अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) काळोख खरा काळोख वाटतो आणि गाडीतल्या टॉर्चचा झोत डोळ्यात गेल्यावर त्याची बाहुली आकसते ना, तिथे थांबवून बघा. ओलं कातडं कसं चकाकतं ते पण बघा, त्या पुतळ्याचं फोम रबरचं कातडं शूटिंगच्या वेळी इतकं पाणी प्यायचं की वजन वाढून अख्खा टी-रेक्स थरथरायचा, मग मधेमधे टॉवेलने टिपून कोरडा करायला लागायचा.

कानसेन:
आवाजाचं कोणी बोललंच नाही. डीटीएस ही डिजिटल आवाजाची पद्धत थिएटरात आली तीच या पिक्चरबरोबर, रिळावर नुसता टाइमकोड (आवाज चित्राशी जुळवायच्या खुणा) आणि आवाज वेगळ्या सीडीवरून वाजायचा. ४के डिस्कवर त्याच घराण्यातला नवा डीटीएस:एक्स ट्रॅक आहे. आणि टीव्हीचा शार्पनेस आधी खाली आणा, नॉइज रिडक्शन (ग्रेन पुसणारं) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल उगाच गुळगुळीत करणारं) बंद करा, जास्त शार्पनेसमुळे ग्रेन उगाच खरखरीत दिसतो.

टीरेक्स_फॅन:
घेतली! मित्राच्या टीव्हीवर शार्पनेस पार वर होता, आज विचारलं त्याला. माझ्याकडे सगळं बंद करून लावली आणि पहिल्यांदा तो टी-रेक्सच्या पावलांनी गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यावर तरंग उठतात तोच सीन बघितला, डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून छेडली होती म्हणे तरंगांसाठी. एकेक गोल कडेपर्यंत जाताना स्वच्छ दिसतो, ग्रेन आहे पण आता खुपत नाही. ब्रॅकिओसॉरस अजून पुसट आहे, असू दे.