जुनं गोवं पायी बघायचंय, आई सोबत आहे. मराठीत सांगणारा खाजगी गाईड कसा शोधावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याचे. दिवाळी झाली की आईला घेऊन जुन्या गोव्याला जायचं ठरतंय, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं काय हवंय ते कळणार नाही.

आम्हाला बॉम जीझस, से कॅथेड्रल, समोर फोटो आणि मग पणजीला मासे खायला असं करायचं नाहीये. आम्हाला ते शहर बघायचंय. म्हणजे आधी आदिलशाहीतलं मांडवीवरचं बंदर, १५१० साली पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने ते घेतलं, १५३० पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार तिथून चालला आणि कागदोपत्री राजधानी पणजीला हलली ती पार १८४३ मध्ये. एवढं मोठं शहर, आणि आज तिथे चर्चेस, हिरवळ, माड आणि मधूनच जाणारा रस्ता. घरं कुठे होती, बाजार कुठे भरायचा, जहाजं कुठे लागायची, हे पायी फिरत जागेवर उभं राहून कुणीतरी सांगायला हवंय.

आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. शिवाय आमचं कुलदैवत सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडी बेटावरचं, ते पाडलं गेलं, देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्याने बांधून घेतलं. नार्व्याला आम्ही जाऊन येऊन असतो. पण ज्या राजधानीच्या हुकमाने हे सगळं झालं ती राजधानी आईने आजवर फक्त गाडीच्या काचेतून पाहिलीय. ती म्हणते, त्या धक्क्यावर उभं राहून समोर दिवाडी कशी दिसते ते मला बघायचंय. आता हे मनावर घेतलंयच तर नीट करायचं असं मी ठरवलंय.

अडचण अशी की माझ्या आतेबहिणीने मागे ऑनलाइन बघून एक खाजगी वॉकिंग टूर घेतला होता. नाव देत नाही. माणूस आला उशिरा, दोन चर्चेस दाखवली, बॉम जीझसमधल्या सेंट झेवियरच्या शवाबद्दल नुसत्या भुताखेतासारख्या गोष्टी सांगितल्या आणि उरलेला वेळ काजूच्या दुकानात. आईच्या बाबतीत असं झालं तर मला फार वाईट वाटेल, कारण तिचे गुडघे आता दरवर्षी साथ देतीलच असं नाही.

तर माझे प्रश्न. मराठीत किंवा निदान कोकणीत नीट बोलणारा, वाचलेला गाईड मिळायचा मार्ग काय? पैसे कसे ठरवायचे, माणशी की तासावर? चालणं किती पडेल, चढ कुठे आहेत? सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा मनोरा आईला जमेल का? आणि एक नाजूक गोष्ट, इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे चर्चच्या त्या धर्मन्यायालयाबद्दल, आईला सरळ, माहितीवर आधारलेलं ऐकायचंय. ते १५६० ला सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, एवढं तिला माहीत आहे. पण काही गाईड हा विषय आला की गप्प बसतात आणि काही असा रंगवतात की खरं काय तेच कळत नाही. मला दोन्ही नको. तिथे आज प्रार्थनेला येणारी माणसं आपल्यासारखीच साधी माणसं आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून आरडाओरडा करणारा गाईड तर अजिबात नको.

कुणी असं फिरलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

मांडवीकाठ:

ताई, धागा वाचून बरं वाटलं. मी रायबंदरला राहतो, पाहुणे आले की जुन्या गोव्यात फिरवून आणणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे जमेल तेवढं लिहितो.

गाईडचं आधी. पर्यटन खात्याकडे नोंद असलेले परवानाधारक गाईड असतात, ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका. चर्चच्या दारात येऊन चिकटणारे वेगळे. बुक करायच्या आधी फोनवर दहा मिनिटं बोला आणि दोनच गोष्टी विचारा: व्हडलें घर कुठे होतं, आणि आदिलशहाच्या वाड्याचं आज काय उरलंय. खरा जाणकार लगेच खुलतो. पहिल्याचं उत्तर, से कॅथेड्रलच्या जवळच्या चौकात. इन्क्विझिशनच्या इमारतीला लोक व्हडलें घर म्हणायचे, आज तिथे एक भिंतसुद्धा नाही. दुसऱ्याचं उत्तर, सेंट कॅजेटनच्या चर्चच्या आवारातला दगडी दरवाजा. काळ्या दगडाचे कोरीव खांब, वर आडवी शिळा, खाली चार-पाच पायऱ्या, आणि मागे काहीच नाही, सरळ आकाश. आईंना तिथे जरा वेळ उभं राहू द्या. अख्ख्या जुन्या गोव्यात पोर्तुगीजांच्या आधीचं डोळ्याला दिसेल असं जे थोडकं उरलंय त्यात हा दरवाजा पहिला.

पैसे तासावर आणि सगळ्यांचे मिळून ठरवा, आधीच, आणि दुकानात जायचं नाही हे त्याच वेळी सांगून टाका. प्रवेशाचे, फेरीबोटीचे काही असतील ते वेगळे.

आता चालण्याचं. सुरुवात लोक बॉम जीझसपासून करतात, मी उलट सांगेन. सकाळी लवकर नदीवर जा, व्हाइसरॉयच्या कमानीपाशी. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की ह्याच कमानीतून शहरात शिरायचा. वास्को द गामाच्या पणतवाने ती बांधवली, म्हणून नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. कमान १९४८ ला कोसळली होती, १९५४ ला परत उभी केली. तुमच्या आईंना हवा तो धक्का हाच, समोर दिवाडी. तिथून कमानीखालून आत आलात की तुम्ही राजधानीत जसं शिरायचे तसे शिरलात. पुढे कॅजेटन, मग से कॅथेड्रल, असिसीचं चर्च, त्याला लागून पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आणि शेवटी रस्ता ओलांडून बॉम जीझस. हे सगळं जवळजवळ सपाट आहे, सावकाश चाललं तरी त्रास नाही. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तो वार टाळा. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा गाईडला आत बोलता येत नाही. खांदे-गुडघे झाकलेले कपडे ठेवा.

से कॅथेड्रलला समोरून बघा, एकच मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये पडला, परत बांधलाच नाही. तोवर शहर रिकामं व्हायला लागलं होतं.

सेंट ऑगस्टीन टेकडीवर आहे, पण गाडी वरपर्यंत जाते, पायी चढायची गरज नाही. उतरलं की जमीन उंचसखल आहे, आईंचा हात धरा. मनोरा ४६ मीटरचा होता, आज त्यातला अर्धाच उभा आहे. तिथल्या मठातल्या साधूंना १८३५ मध्ये बाहेर काढलं, १८४२ ला छत कोसळलं, १९३१ ला मनोऱ्याचा पुढचा भाग गेला. खाली फरशीत थडग्यांचे दगड आहेत, घराण्यांची चिन्हं कोरलेली. आणि सगळं आपल्या जांभ्याचं! वेंगुर्ल्यात घराच्या कंपाउंडला जो चिरा असतो तोच.

---

धागाकर्ती:

मांडवीकाठ, किती सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं की एवढं शहर ओस का पडलं ते गाईड नीट सांगतो का? तिला साथी आल्या एवढं ठाऊक आहे. आणि संभाजी महाराजांच्या स्वारीची जागा ह्या फेरीत कुठे बसते का? आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यायचं म्हणतोय.

---

मांडवीकाठ:

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा नको! ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त, त्याचा नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरपासून. तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि गाईडही बोलायला मोकळा नसतो. त्याच्या आधी या नाहीतर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

ओस पडण्याचं आईंना जागेवर समजेल. जांभा सच्छिद्र, घाण जमिनीत मुरायची आणि त्याच जमिनीतल्या विहिरींचं पाणी लोक प्यायचे. पटकी, हिवताप पुन्हा पुन्हा. त्यात मांडवीत गाळ भरत गेला आणि समुद्रावर डच वरचढ झाले. व्हाइसरॉय आधी जवळच्याच पणेलीला गेला आणि १७५९ मध्ये पणजीला, मग बाकीचे कसले थांबतायत. जुन्या इमारतींचे दगडसुद्धा पणजीला बांधकामाला गेले. ऑगस्टीनची मोठी घंटा आज पणजीच्या पायऱ्यांवरच्या त्या पांढऱ्या चर्चमध्ये आहे, परतताना ऐकायला मिळाली तर बघा.

संभाजी महाराजांसाठी गाईडला टेकडीवरच्या माउंटच्या चॅपेलला न्यायला सांगा. गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या आहेत, जमल्या तर चढायच्या. वरून नदी आणि बेटं दिसतात. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये मराठ्यांनी जुवें बेटावरचा किल्ला घेतला, तो राजधानीच्या इतका जवळ की व्हाइसरॉयने बॉम जीझसमध्ये जाऊन झेवियरची शवपेटी उघडवली, आपला राजदंड आत ठेवला आणि शहर वाचव म्हणून प्रार्थना केली. मग मोगल फौज कोकणात उतरल्याची बातमी आली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं. हे ऐकून मग बॉम जीझसमध्ये जा, ती चांदीची पेटी वेगळीच दिसते. म्हणजे माझा वरचा क्रम थोडा बदला, माउंट आधी आणि बॉम जीझस शेवटी.

---

खाजणातली वाट:

ताई, मी कुडाळचा. एक सुचवतो, गाडी चालवायचा ताण नको असेल तर सावंतवाडीहून रेल्वेने करमळीला उतरा, स्टेशन जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे. आणि गाईडला अर्ध्या दिवसाचेच पैसे द्या, दुपारनंतर त्याला सोडून तुम्ही दोघीच फेरीबोटीने दिवाडीला जा, बेट ओलांडलं की पलीकडच्या टोकाला नार्व्याची फेरी मिळते. सकाळी राजधानी, संध्याकाळी देवाच्या पायाशी. आवशीची काय्येक काळजी करू नकात, फेरीवाले हात धरून चढवतात.

---

धागाकर्ती:

हे फारच छान सुचवलंत, आई ऐकूनच खूश आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा धरतेय, शुक्रवार आणि रविवार सोडून. आता एकच राहिलं, नार्व्याहून संध्याकाळी परत यायला शेवटची फेरी किती वाजता असते ते कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा, नाहीतर गाडीवाल्याला डिचोलीकडून नार्व्याला बोलवून ठेवते.