‘पॉइंट-अ-मिनिट’: मिनिटागणिक, मिनिटामागे की मिनिटाला?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलवरचे एक टिपण मराठीत करते आहे. विषय मिशिगन विद्यापीठाचा १९०१ चा संघ. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचे तिथले पहिलेच वर्ष. ११ सामने, ११ विजय, केलेले गुण ५५० आणि दिलेले ०! १९०१ ते १९०५ च्या या संघांना ‘पॉइंट-अ-मिनिट’ म्हणतात. मी ‘मिनिटागणिक गुण’ असे केले आहे. चालेल का? ‘सीझन’ला हंगाम की मोसम? आणि समोरच्याला एकही गुण न देणारा, यासाठी एखादा सुटसुटीत शब्द?

पहिले उत्तर: ‘गणिक’ नको
दिवसागणिक महागाई वाढते, घासागणिक खडा लागतो. म्हणजे दर खेपेला, न चुकता. इथे सरासरी सांगायची आहे, तिला ‘मागे’ हवे: षटकामागे सहा धावा, क्विंटलमागे अमुक रुपये. ५५० ला ११ ने भागा, सामन्यामागे ५० येतात. तेव्हा नियमाने सामना ७० मिनिटांचा. पण संघ आपसांत ठरवून तो आखूडही करत. एवढ्या हिशेबावर ‘मिनिटामागे गुण’ तरून जाईल.

दुसरे उत्तर: टोपणनाव आहे, ताळेबंद नव्हे
त्याच वर्षी मिशिगनने बफेलोच्या संघाला १२८-० ने हरवले, तिथे तुमची सरासरी काय करणार? टोपणनाव तोंडात बसले पाहिजे. ‘मिनिटाला गुण’ म्हणा. रोजगार ‘दिवसाला इतके’ म्हणून ठरतो, तेव्हा कोणी व्याकरण विचारत नाही.

हंगाम-मोसम दोन्ही खेळाच्या पानावर चालतात. मला हंगाम आवडतो, कारण आंब्याचा असो वा उसाच्या गाळपाचा, तो कॅलेंडरला बांधलेला नसतो. या संघाचा शेवटचा सामना कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात, स्टॅनफर्डविरुद्ध, १ जानेवारी १९०२ रोजी झाला. तेव्हा ‘१९०१ सालातले ११ विजय’ लिहाल तर चुकेल. ‘१९०१ च्या हंगामातले’ बरोबर.

निर्धाव षटक, तसा निर्गुण सामना?
शब्द नियमात बसतो, पण वाचक थेट पंढरपूरला पोचेल. शिवाय निर्गुण राहिले ते प्रतिस्पर्धी! सरळ ‘एकही गुण न देता’ लिहा, चार शब्दांनी कागद फाटत नाही.

मोह आवरायचा तो ‘अजिंक्य’चा. अपराजित म्हणजे हरला नाही, ही नोंद झाली. अजिंक्य म्हणजे हरवताच येणार नाही, हा दावा. १९०३ मध्ये मिनेसोटाने यांना ६-६ असे बरोबरीत रोखले. संघ अपराजित राहिला, पण ‘सर्व सामने जिंकले’ म्हणता येत नाही. आणि १९०५ मध्ये शिकागोने २-० ने हरवलेच.

त्या दोन गुणांबद्दल
ते ‘सेफ्टी’चे. कृपा करून ‘सुरक्षा’ करू नका. मिशिगनचा खेळाडू चेंडूसकट आपल्याच गोलरेषेमागे पाडला गेला, म्हणून शिकागोला २ गुण मिळाले. मूळ अर्थ असा की अडचणीत सापडलेला संघ जीव वाचवायला आपल्याच गोलरेषेमागे चेंडू टेकवी. पुढे त्यालाच दंड लागला, नाव मात्र राहिले. सेफ्टीच ठेवा आणि एका ओळीत समजावून सांगा.

टचडाउनलाही (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणे) एक ओळ लागेल. तेव्हा त्याचे ५ गुण होते, ६ झाले १९१२ मध्ये. पॅसाडिनात नील स्नोने एकट्याने पाच टचडाउन केले; आजच्या हिशेबाने वाचणारा ३० धरेल, होते २५.

आभार, आणि शेवटची शंका
‘मिनिटाला गुण’ आणि ‘हंगाम’ घेते. त्याच पॅसाडिनाच्या सामन्यात ४९-० झाल्यावर, आठ मिनिटे शिल्लक असताना स्टॅनफर्डने पुढे न खेळण्याची विनंती केली आणि मिशिगनने ती मानली. (आदल्याच हंगामात योस्ट स्टॅनफर्डचे प्रशिक्षक होते!) ‘सामना सोडला’ लिहू?

‘सोडला’त संशय येतो
पैसे घेऊन सोडला की काय, असे वाटते. ‘मैदान सोडले’ म्हटले तर पळून गेले. दोन्ही बाजूंच्या संमतीने थांबले ना? मग ‘सामना आवरता घेतला’.